घरातल्या घरात

“घरात कुणाला भूल दिल्यानंतर कधी त्रास झाला होता का?” भूल देणाऱ्या डॉक्टर टाकसाळेबाईंनी विचारलं.

“नाही,” नाना म्हणाले.

“आईकडच्या कुणाला? वडलांकडच्या? नीट आठवून सांगा. ऑपरेशनच्या वेळी कुणी दगावलं वगैरे?”

“आमच्या घरात टेबलावर कुनी चढलंच नाही, बाई. धडधाकट खानदान हाय आमचं.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते आणि नर्सबाई अक्काच्या वेण्या पट्टीने बांधत होत्या. नाना इतकं सरळ उत्तर दुकानातही कधी देत नसत. तिथे भाव विचारला तरी आधी “तुम्ही सांगा की” म्हणायचे. इथे मात्र विचारायचा अवकाश, नाही म्हणून मोकळे. बाईंनी मान हलवली आणि अक्काला आत नेलं.

नाना म्हणजे माझे वडील, नागनाथशेठ चिंतलवार, धर्माबादचे मिरचीचे व्यापारी. आमचं घर मूळचं तेलंगणातलं. घरात तेलुगू, बाजारात मराठी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण हेमलता. पहाटे तिच्या पोटात कळ उठली ती थांबेना. गावातले डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स आहे, वेळ घालवू नका. म्हणून जीप करून तिला नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं. मी, नाना आणि श्रीहरीमामा. अम्मा घरी आजोबांचं पथ्यपाणी बघून दुपारच्या गाडीने येणार होती.

श्रीहरीमामा म्हणजे अम्माचा धाकटा भाऊ. अक्काचं लग्न त्याच्याशीच ठरलं होतं, वैशाखात. ऐकणाऱ्यांच्या भुवया वर जातात, म्हणून सांगून टाकते. आमच्यात भाचीवर मामाचा हक्क असतो. परका मुलगा बघायचा तो मामा नाही म्हणाला तर. खुद्द नानांनी तेच केलं होतं. त्यांची थोरली बहीण चंद्रकला, तिची मुलगी म्हणजे आमची अम्मा. म्हणजे माझी आजी ती माझी आत्याही लागायची. कॉलेजात मैत्रिणींना हे सांगितलं की त्या बोटांवर हिशेब करायच्या आणि शेवटी कंटाळून सोडून द्यायच्या. चंद्रकला आजीला मी पाहिलेलं नाही. अम्मा परकरात होती आणि श्रीहरीमामा अंगावर पीत होता, तेव्हा ती तापाने गेली. ताप डोक्यात चढला, असं अम्मा सांगायची. मुलांना कुणाला साधा ताप आला तरी ती रात्रभर कपाळावर घड्या बदलत बसे. का, ते आम्हाला माहीत होतं.

ऑपरेशन लवकर आटपलं. टाकसाळेबाई बाहेर आल्या, तोंडावरचा कपडा खाली ओढला आणि भिंतीला टेकल्या. पन्नाशीची, बुटकी, चष्मा सारखा घसरणारी बाई.

“अपेंडिक्स काढलंय. ते काम चांगलं झालं. पण ती श्वास घेत नाहीये.”

“म्हंजे?” श्रीहरीमामा म्हणाला.

“घाबरू नका. आम्ही तिच्यासाठी घेतोय. नळी घातली आहे आणि फुग्यानं हवा देतोय. भूल देताना अंग सैल पडण्यासाठी एक इंजेक्शन असतं. त्यानं माणूस थोडा वेळ लुळा पडतो, श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. रक्तात एक पदार्थ असतो, तो हे औषध चटकन मोडून टाकतो. पाचेक मिनिटांत माणूस पुन्हा श्वास घ्यायला लागतो. हिचं औषध मोडतच नाहीये.” त्या नानांकडे वळल्या. “मी सकाळी विचारलं होतं. पुन्हा विचारते. घरात असं कुणाला झालं होतं?”

“सांगितलं ना एकदा.”

“मुलीच्या आईवडलांचं आधीपासून नातं आहे?”

“त्याचा हितं काय संबंध?”

“आहे.” बाई शांतपणे बोलत होत्या. “तो पदार्थ तयार करायची आज्ञा माणसाच्या अंगात जन्मतः असते. दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. असा माणूस म्हातारा होऊन मरतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या की हे असं होतं. आणि आईवडील एकाच रक्तातले असले की बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. बाकी मुलगी निरोगीच असते. फक्त हे एक इंजेक्शन तिला चालत नाही. म्हणून मला तुम्हा सगळ्यांचं थोडं थोडं रक्त हवंय. हैदराबादला तपासायला पाठवीन.”

“पोरीचं लग्न ठरलंय, बाई,” नाना म्हणाले. “आमच्या घरातल्या बायांचं रक्त कुठं जानार नाही.”

“मी लग्नाचं विचारत नाहीये. श्वासाचं विचारतेय.”

नानांनी हात जोडले. आमच्याकडे गिऱ्हाइकाला बाहेरचा रस्ता दाखवताना ते असेच हात जोडायचे.

दवाखान्यात श्वास देणारं यंत्र नव्हतं. सरकारी इस्पितळात होतं ते दुसऱ्या रोग्याला लावलेलं. बाई आणि नर्स आलटून पालटून फुगा दाबत होत्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीत एक बाळंतीण अडली. पोट फाडूनच मूल काढावं लागणार होतं, आणि भूल द्यायला टाकसाळेबाईंखेरीज कुणी नव्हतं. त्यांनी नानांकडे पाहिलं, श्रीहरीमामाकडे पाहिलं आणि मला आत बोलावलं.

“नाव काय?”

“रत्नमाला.”

“रत्ना, हा फुगा. दाबला की तिची छाती वर येते. बघ. आली की सोडायचा. तू स्वतः श्वास घेतेस त्याच चालीनं. घाई नाही, आळस नाही. मधूनमधून नर्स येऊन बघेल. मी भिंतीपलीकडेच आहे, हाक मारलीस की येते.”

“किती वेळ दाबायचा?”

“ती स्वतः घेईपर्यंत.”

मी काळा रबरी फुगा हातात घेतला. अक्काचे डोळे मिटलेले होते आणि पापण्यांवर चिकटपट्टी लावलेली होती. तोंडातून नळी. हात दोन्ही बाजूंना पालथे पडलेले. एरवी अक्का झोपेतही हातपाय झाडायची, तिच्या शेजारी झोपणं म्हणजे मार खाणं. आता ती निपचित पडली होती. मी दाबला, छाती वर आली. सोडला, छाती खाली गेली. हळूहळू हाताला चाल सापडली.

काही वेळाने नाना आत आले. मागून श्रीहरीमामा. नानांनी दार लोटलं. नर्स पलीकडे गेलेली होती. पुढचं सगळं बोलणं तेलुगूत झालं. चुकून कुणी आलं तरी कळू नये म्हणून, आणि आमची खाजगी भाषाच ती म्हणूनही.

“बाहेर कुणाला काय सांगितलंस?” नानांनी विचारलं.

“काही नाही, दाजी. इंजेक्शन मानवलं नाही एवढंच.”

“तसं सांगू नको. बाईनं भूल जास्त दिली, असं सांग.”

“पण त्या तर म्हणतात, रक्तात...”

“रक्तातच आहे.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“तुझी आई अशीच गेली,” नाना म्हणाले. भाव सांगावा तितक्या सपाट आवाजात. “ताप नव्हता. हैदराबादला पोटाचं ऑपरेशन होतं. मी होतो बरोबर. टेबलावरून उतरलीच नाही. तिथल्या डॉक्टरनं मला आणि तुझ्या वडलांना बसवून सांगितलं. हे रक्तात असतं, हिच्या मुलांत तर उतरणारच, भावंडांतही असू शकतं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिली ही गोष्ट सांगा, म्हणाला.”

“मग सकाळी बाईंनी विचारलं तेव्हा...”

“सकाळी सांगितलं असतं तर दिवेलागणीपर्यंत धर्माबादच्या मोंढ्यात, बाजारातल्या दुकानादुकानांत गेलं असतं. चिंतलवारांच्या रक्तात खोट आहे. मग तुझ्या भावांच्या पोरींना कोण करणार? या रत्नीला कोण करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“ताईला माहीत आहे?”

“तिला कशाला माहीत पाहिजे? तिला बाहेर दिली असती तर आज ना उद्या फुटलंच असतं. चंद्रकलेची पोर, आई कशी गेली, लोक खोदून काढतात. म्हणून मीच केली. घरातली गोष्ट घरात राहिली. आता हेमाला तुझ्या पदरात घालतोय ते तरी कशासाठी? तुझीही झाकली, तिचीही झाकली.”

मी फुगा दाबत होते. बाईंनी तासाभरापूर्वी सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात एकेक करून जागेवर बसायला लागलं. आजीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. म्हणजे तिच्या प्रत्येक मुलात एक तरी उतरलेली, अम्मात आणि श्रीहरीमामातसुद्धा. एक नानांत. नानांनी अम्माशी लग्न केलं आणि दोन्हीकडच्या दोन अक्काच्या वाट्याला आल्या. आता अक्काच्या दोन आणि श्रीहरीमामाची एक, अशी पुढच्या पोरांची सोय लावून ठेवली होती. जी खोट लपवायची, तिलाच यांनी पिढ्यान् पिढ्या जावई करून घेतलं होतं. आणि हे अडाणीपणाने केलं असतं तर मी एक वेळ समजले असते. आमची अख्खी आळी तसंच करते, रीत म्हणून. नानांनी ते डॉक्टरच्या तोंडून ऐकून, समजून केलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माझे कान तापले, दाढा एकमेकींवर बसल्या. आणि हात मात्र त्याच चालीने चालवायचे होते. जोरात दाबला तर अक्काचं फुप्फुस फाटेल, थांबवला तर ती मरेल. नानांवर ओरडायला पूर्ण श्वास लागतो, आणि मला तो अक्काच्या श्वासाच्या मापाने घ्यायचा होता.

“नाना, मी इथं आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे. तू दाबत राहा.”

“मी ऐकलं सगळं.”

“ऐक की. तू घरचीच आहेस.”

“सकाळी तुम्ही नाही म्हणालात. बाईंनी दोनदा विचारलं.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“अक्का मेली असती.”

“मेली नाही ना? मेली असती तर देवाची मर्जी. माणूस जातं, चार दिवस रडून लोक विसरतात. घराचं नाव गेलं तर परत येत नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच तसं मानत होते. चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीसुद्धा नव्हती, फक्त कामाची घाई होती. माझ्या तापट स्वभावाबद्दल घरात एकच मत होतं, की ही नानांवर गेली. नाक त्यांचं, रागही त्यांचा. गेले असेन. मग तो त्यांचा त्यांना परत करायला मला कसली चोरी, असं माझ्या मनात आलं. पण हातात फुगा होता.

“मी बाईंना सांगणार,” मी म्हटलं.

“सांगून बघ. त्या वैशाखाच्या मांडवात तुझंही उरकतो की नाही बघ,” नाना म्हणाले आणि श्रीहरीमामाकडे वळले. “तू सकाळपासून उपाशी आहेस. जा, जेवून घे. येताना इथल्या मोंढ्यातली आपली माणसं घेऊन ये. दहा-बारा असली तरी पुरे. बाईला जरा दणका बसला म्हणजे रक्त मागायची नाही.”

श्रीहरीमामा उभा राहिला. त्याने अक्काकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी आम्हाला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेला माणूस. मला वाटलं, आता बोलेल. निदान आपल्या आईबद्दल तरी एखादा शब्द विचारेल. त्याने चपला घातल्या आणि गेला. नानाही त्याच्या मागे गेले.

टाकसाळेबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर दुसरीच्या बाळंतपणाचे डाग होते. मी त्यांना हात न थांबवता सगळं सांगितलं. आजीचं, हैदराबादचं, मोंढ्यातल्या माणसांचं. त्या ऐकत ऐकत अक्काची नाडी बघत होत्या. माझं संपल्यावर त्या उठल्या आणि औषधांच्या कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, “दुसरं औषध आहे गं तिथे. अंग सैल करणारं. ते हिला चाललं असतं. वडील एक वाक्य बोलले असते तर मी ते दिलं असतं आणि ही आता चहा मागत असती.”

मग त्यांनी अक्काच्या पापण्यांवरची पट्टी अलगद काढली, डोळ्यात उजेड टाकला, पुन्हा नाडीवर बोटं ठेवली. त्यांचा चेहरा बदलला.

“हे सगळं इथेच बोलले ते? हिच्याजवळ उभं राहून?”

“हो. ती बेशुद्ध आहे ना?”

“लुळी आहे. बेशुद्ध असेलच असं नाही. रक्तदाब उतरत होता म्हणून मी झोपेचं औषध बेताबेतानं देतेय. नाडी किती धावतेय बघ.” त्यांनी घाईने सलाइनच्या नळीत एक औषध सोडलं. “आता झोपेल. पण मघाशी तिनं ऐकलं असेल.”

मी वाकून अक्काच्या कानाशी गेले. “अक्का, ऐकलंस तू?” विचारून बसले आणि लगेच कळलं की काय मूर्खपणा करतेय. हलवायला तिच्याजवळ बोटसुद्धा नव्हतं. आपण मेलो असतो तरी चाललं असतं, हे बापाच्या तोंडून ऐकायचं आणि कूस बदलायचीही सोय नाही. मला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं. कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता आणि हात रिकामे नव्हते, म्हणून डोळ्यांवाटे आलं.

बाईंनी फुगा माझ्याकडून घेतला, नंतर पुन्हा मला दिला. असं किती वेळा झालं ते आठवत नाही. खिडकीवरचं ऊन उतरलं तेव्हा अक्काच्या उजव्या हाताची करंगळी हलली. नंतर मनगट. बाईंनी मला हात आखडायला सांगितलं. आम्ही दोघी तिच्या छातीकडे बघत राहिलो, आणि ती आपली आपण वर आली. थोडीशी. मग पुन्हा.

“घेतला,” बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या.

नळी काढायला आणखी वेळ गेला. तोवर बाहेर गलका सुरू झाला होता. मोंढ्यातली माणसं आली होती. दहा-बारा म्हणता म्हणता चांगली पंचवीस-तीस असतील. कुणीतरी दारातली कुंडी लाथेने पाडली. “कुठाय ती डाक्टरीण?” “पोरीला मारून टाकायलती की!” सगळ्यांच्या पुढे नाना, डोळ्याला उपरण्याचं टोक लावून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी पहिल्यांदा समोर बघितल्या. टाकसाळेबाई बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. नर्स त्यांचा हात धरून मागे ओढत होती, पण त्या हलल्या नाहीत.

त्याच गर्दीतून अम्मा आत आली. स्टेशनवरून चालत आली असावी, पायांवर धूळ होती. दारात शिरेपर्यंत चार जणांनी तिच्या कानात तेच ओतलेलं होतं. ती थेट अक्काच्या उशाशी बसली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. तिला आधी ताप बघायचा होता.

“त्या बाईनं जास्त भूल दिली म्हणे गं,” अम्मा तेलुगूत म्हणाली. “तिचं कधी भलं होणार नाही.”

अक्काने डोळे उघडले. तिच्या घशातून आवाज निघेना. अम्मा कान तिच्या ओठांजवळ घेऊन गेली. मी पुढे झाले, कारण सांगायचं ते मी दुपारपासून मनात घोकून ठेवलं होतं. कुठून सुरू करायचं, नानांना काय काय म्हणायचं, सगळं. पण अक्काने मला हाताने थांबवलं. तो हात उचलायला तिला किती कष्ट पडले ते मी पाहिलं.

“अम्मा, तुझी आई तापानं गेली नाही,” ती म्हणाली. “अशीच गेली. माझ्यासारखी. नानांना माहीत होतं. माझ्या डोक्याशी उभं राहून बोलले. मी ऐकलं.”

अम्माने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग मी उरलेलं सांगितलं. हैदराबादच्या डॉक्टरने काय बजावलं होतं, नानांनी तिच्याशी लग्न का केलं, आणि टाकसाळेबाई काय म्हणाल्या, सगळ्यांचं रक्त का मागितलं. घोकलेलं सगळं विसरून गेले, नुसतं घडलं तेवढंच सांगितलं. अम्माचा हात अक्काच्या कपाळावरच होता. माझं सांगून संपलं. तिने अक्काच्या अंगावरची चादर नीट केली, पदर खोचला आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेले.

नाना टाकसाळेबाईंसमोर बोट नाचवत होते.

“मामा,” अम्मा म्हणाली.

नानांचं बोट तिथेच राहिलं. लहानपणी ती त्यांना मामाच म्हणायची. लग्नाच्या दिवशी थोरल्यांनी तो शब्द तिच्या तोंडून काढून टाकायला लावला आणि त्यानंतर ती नुसतं अहो म्हणायला लागली. माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. गर्दीतल्या जुन्या माणसांनीही चमकून पाहिलं. आणि ती बोलत होती मराठीत, सगळ्यांना कळेल असं. पायरीवरच्या डॉक्टरांनाही.

“मामा, माझी आई कशानं गेली?”

“अनसूया, घरी बोलू.”

“घरी नको. घरातल्या घरात लई झालं. हितंच सांगा.”

“तापानं. तुला ठाऊक नाही का?”

“पोरीनं ऐकलंय, मामा. तुम्ही मेलं समजून बोललात, पन तिनं सगळं ऐकलंय.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे खाली घातले नाहीत. त्यांनी जमवलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. ओरडायला आलेली माणसं, पण आता कुणाच्या नावाने ओरडायचं ते कळेना. श्रीहरीमामा कडेला उभा होता. त्याच्या तोंडात पान होतं.

अम्मा त्याच्याकडे वळली. “तुला कधी कळलं रे?”

“दुपारी, ताई.”

“तुझी पन आई व्हती ती.”

त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

“दुपारी कळलं. मंग जेवलास. आन् पान खाल्लंस.”

त्याने पान थुंकलं नाही आणि गिळलंही नाही. गालात तसंच धरून तो उभा राहिला.

“वैशाखात लग्न नाही,” अम्मा म्हणाली. ते ती कुणा एकाला सांगत नव्हती. मग ती पायऱ्या चढून टाकसाळेबाईंपर्यंत गेली. “बाई, तुम्ही रक्त मागितलं व्हतं म्हनं. माझं घ्या.”

बाईंनी नर्सला खूण केली. नर्सने बाकड्यावर सुई आणि बाटल्या आणून ठेवल्या. अम्माने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात पुढे केला. सुई गेली तेव्हा तिने बघितलंही नाही. तिच्यामागून मी हात दिला. श्रीहरीमामा आपण होऊन आला आणि बसला. गर्दीतली माणसं एकेक करून काढता पाय घ्यायला लागली. मोंढ्यातले दोघे-तिघे मात्र थांबले, पुढे काय होतंय ते बघायला. रात्रीच्या गाडीने ही गोष्ट धर्माबादला पोचणार, हे कळून नाना बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

“आता यांचं,” अम्मा म्हणाली.

“मी नाही देनार,” नाना म्हणाले. “मी काय रोगी हाय?”

“बाई म्हनतात, रोगी कुनीच नाही. फकस्त सांगावं लागतं.”

नाना उठून गेले नाहीत आणि बाहीही वर करेनात. अम्मा त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसली, त्यांच्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर सारली. नर्सची बाटली भरेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.